घड्याळांची अदलाबदल

आमचें नरसी नामदेव हें गांव आज हिंगोली जिल्ह्यांत असलें, तरी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याचे एके काळचे दिवाण तिसरे सालारजंग यांनीं नाना देशींचीं घड्याळें जमविलीं. १९४९ सालीं ते वारले आणि १९५१ सालीं त्यांचा संग्रह हैदराबादेस लोकांकरितां खुला झाला. एक घेण्यासाठीं दुसरें विकण्याची पाळी अशा धनिकांवर सहसा येत नाहीं. माझी पेटी लहान आणि खिसा त्याहून लहान. नवें यावयाचें, तर जुन्यानें जागा करून दिली पाहिजे.

अशाच एका अदलाबदलींत मीं माझें 'जनता' विकलें. हिंदुस्थान मशीन टूल्सनें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगळुरास मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला. रोज चावी द्यावयाचें हें साधें घड्याळ घरोघरीं पोंचलें. पुढें बॅटरीवर चालणारीं क्वार्ट्झ घड्याळें आलीं, १९८४ सालीं टायटन कंपनी निघाली, आणि २०१६ सालीं सरकारनें हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचें ठरविलें. माझ्या 'जनता'ची तबकडी मूळचीच, पण फिकी पडलेली. एवढ्याचसाठीं तें मला नकोसें झालें.

त्याच्या जागीं वेस्ट एंड कंपनीचें 'सवार प्राइमा' आणलें. ही कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई-कलकत्त्यास स्विस घड्याळें विकीत असे. पहिल्या महायुद्धांत तिचीं घड्याळें हिंदी शिपायांच्या मनगटावर होतीं. माझ्या घड्याळाची तबकडी आरशासारखी चकचकीत होती आणि विक्रेत्यानें "सर्व मूळचें" म्हणून सांगितलें होतें. घरीं भिंगांतून पाहिलें, तों अक्षरें जाड-बारीक आणि मिनिटांच्या रेघा वांकड्या! तबकडी पुन्हां रंगविलेली होती. झांकण उघडलें, तर आंतील यंत्रही दुसऱ्याच घड्याळाचें निघालें. असा माल परदेशांतील संग्राहक आपल्या मुंबईच्या नांवानें ओळखतात, याचें वाईट वाटतें.

परंतु दुरुस्तीला मी दोष देत नाहीं. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध होते. सुटे भाग मिळेनात, तेव्हां कारागिरांनीं दोन मोडक्या घड्याळांतून एक चालतें केलें. तोही आपला इतिहासच आहे. दोष आहे तो लपविण्याचा.

म्हणून तें 'सवार' विकतांना काय रंगविलें व काय बदललें, हें मीं चिठ्ठीवर लिहून दिलें. घेतल्यापेक्षां पैसे कमी आले. 'जनता' मात्र गेलें तें गेलें. त्याचा क्रमांकसुद्धां मीं टिपून ठेवला नव्हता. आतां पेटीजवळ एक वही असते. कोणतेंही घड्याळ आलें वा गेलें, कीं त्याची हकीकत तींत प्रथम लिहितों.

नामदेवांचा जन्म परंपरा १२७० सालचा मानते. त्यांचें कूळ शिंप्याचें. त्यांच्या गांवीं ठिगळ लावण्यांत कसला कमीपणा? ठिगळास मूळचें वस्त्र म्हणूं नये, म्हणजे झालें.