दूरचें भिंग आणि रानांतला प्राणी

रानांतल्या प्राण्याचें चित्र घेऊं पाहणारापुढें अडचण एकच असते. तो जवळ गेला कीं प्राणी पळतो, आणि दूर राहिला तर कांचेवर हरीण मुंगीएवढें उमटतें. ही अडचण दूर करण्याचा उपाय १८९१ च्या सुमारास निघाला. लंडनचे थॉमस रुडॉल्फस डॉलमेयर आणि जर्मनींतील मीटे व स्टाइनहाइल या तिघांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें दूरदर्शी भिंगाची, म्हणजे टेलिफोटो लेन्सची, रचना सिद्ध केली. पुढें किरण एकत्र करणारें भिंग व त्याच्या मागें ते किंचित् पसरविणारें भिंग, अशी ती योजना होती. तिच्यामुळें कॅमेऱ्याची घडी हातभर लांब न ओढतांही प्रतिमा मोठी मिळूं लागली.

परंतु या देणगीची किंमत जबर होती. प्रतिमा तिप्पट मोठी केली कीं तोच प्रकाश नऊपट जागेवर पसरतो. म्हणून जें चित्र सेकंदाच्या नव्वदाव्या भागांत साधलें असतें, त्यास आतां दहावा भाग लागे. त्यांत हाताचा कंप व प्राण्याची हालचाल हींही तिप्पट होऊन कांचेवर उतरत. नवास तिनानें गुणावें, म्हणजे चित्र किती बिघडे तें कळेल! भिंग प्राण्यास जवळ आणतें ही समजूत अर्धीच खरी. तें चुकाही तितक्याच जवळ आणतें.

कार्ल गेओर्ग शिलिंग्स हा जर्मन शिकारी पूर्व आफ्रिकेंत असले अवजड साहित्य घेऊन हिंडला. त्याचें १९०५ सालचें पुस्तक फार गाजलें. दुरून टिपलेले प्राणी त्यांत अनेक ठिकाणीं अंधुकच आहेत. रात्रीं चकाकी पूड पेटवून जवळून घेतलेलीं चित्रें मात्र त्याच्या कीर्तीस कारण झालीं.

इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या यॉर्कशायरच्या बंधूंनीं उलटाच मार्ग धरला. १८९२ च्या एप्रिलांत चेरीनें एका गाणाऱ्या पक्ष्याच्या अंड्यांसह घरट्याचें चित्र घेतलें आणि १८९५ त केवळ छायाचित्रांनीं सजविलेलें घरट्यांवरील पुस्तक दोघांनीं काढलें. पक्ष्याजवळ जाण्यासाठीं त्यांनीं एका बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करविला व त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन ते तासचे तास उभे राहिले. एकदां तो बैल आंतील माणसासकट उताणा पडला, चारही पाय आभाळाकडे! पक्ष्यांचें काय झालें असेल तें असो. पण भिंगापेक्षां धीरावर विसंबणारे हे दोघे त्या काळच्या पुष्कळांपेक्षां स्वच्छ चित्रें घेऊं शकले, हें नाकारतां येत नाहीं.

हिंदुस्थानांत हीच दृष्टि संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची होती. वाघास गोळी घालणें त्यांस रुचत नसे. वाघाच्या पायवाटेवर ते बारीक तार ताणून ठेवीत. पायाचा स्पर्श होतांच प्रकाश भडके आणि वाघ स्वतःच स्वतःचें चित्र घेई. त्यांचें ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. बंदुकीविना रानांत जाऊनही कांहीं घेऊन परततां येतें, हें त्यानें दाखविलें, आणि शिकारीचा डौल मिरविणाऱ्या त्या काळांत हें धाडस लहान नव्हतें.

पुढें फिल्मची संवेदनशीलता वाढली, भिंगें उजळ झालीं, आणि १९३५ सालीं लायकाच्या लहान कॅमेऱ्यास २०० मिलिमीटरचें भिंग आरशाच्या पेटीसह मिळूं लागलें. जितके मिलिमीटर भिंग, निदान तितकावा सेकंदाचा भाग शटरास द्यावा, हा ठोकताळा हातीं धरलेल्या लहान कॅमेऱ्यांसाठींच रूढ झाला. १९९५ त कॅननच्या एका भिंगानें हाताचा कंप भिंगांतल्या भिंगांत सांवरण्यास आरंभ केला. हातापुरतें तें ठीक; हरणानें मान वळविली तर त्यास शटराचा वेगच लागतो. उन्हें तापल्यावर जमिनीवरून उठणारी हवेची थरथर तर कोणतेंच भिंग निवारीत नाहीं. दुरून टिपणारे म्हणून आजही दंव वाळण्यापूर्वींच तिपाई मांडून बसतात.