रेषा कुणाची?

मराठीत आपण इको ‘काढतो’, फोटो काढावा तसा. हे तंत्र हृदयासाठी प्रथम वापरणाऱ्या इंगे एडलर यांना मात्र काढण्याजोगे चित्र मिळालेच नव्हते. पडद्यावर हलणाऱ्या काही रेषा, एवढेच.

एडलर स्वीडनमधल्या लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ. मिट्रल झडपेवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या आणि झडप अरुंद झाली आहे की गळते आहे, हे छाती उघडण्याआधी कळणे हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न होता. 1953 साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या कोकुम्स जहाजगोदीतले, धातूतले दोष शोधणारे यंत्र स्वतःच्या छातीला लावून पाहिले. प्रतिध्वनी आला. मग सीमेन्सकडून तसेच यंत्र उसने मिळाले आणि 29 ऑक्टोबरला दोघांनी पहिली नोंद घेतली.

पण ती ठळक रेषा कुणाची? एडलर यांना आधी वाटले, डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची. खात्रीसाठी त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या छातीवर ध्वनिलहरीची जागा आणि दिशा नोंदवली, आणि मृत्यूनंतर त्याच दिशेने बर्फ फोडायचा टोच्या आत घातला. टोक झडपेच्या पाकळीत निघाले. हा भाग वाचताना अंगावर काटा येतो. तरी याहून प्रामाणिक मार्ग त्या काळी मला दिसत नाही.

हृदयाचा जोर मोजणे पुढे आले. डाव्या खालच्या कप्प्याच्या चित्राचे चकत्यांसारखे काप कल्पून आकारमान काढतात. त्या रीतीला नाव सिम्प्सनचे, जो अठराव्या शतकातला इंग्रज गणिती, मूळचा विणकर. समजा, कप्प्यात 120 मिलिलिटर रक्त भरले आणि ठोक्याला 70 बाहेर पडले, तर आकडा 58 टक्के. निरोगी हृदयही सगळे रक्त फेकत नाही. पण आपल्याकडे ‘पंपिंग 58 टक्के’ ऐकले की नातेवाईक परीक्षेच्या गुणांसारखे हिरमुसतात. म्हणून ‘कार्यक्षमता’ हा प्रतिशब्द मला घातक वाटतो. त्यात शंभराची आशा दडलेली आहे. मी ‘दर ठोक्याला बाहेर पडणारा वाटा’ असे लिहिते. लांबलचक आहे, असू दे.

त्यातही मेख आहेच. मिट्रल झडप गळत असेल तर त्या वाट्यातले काही रक्त उलटे, वरच्या कप्प्यात जाते आणि आकडा मात्र छान दिसतो. म्हणजे झडपेकडे, एडलर यांच्या त्या रेषेकडे, पुन्हा पाहावेच लागते.