आमचा घाट

आमच्या खेड तालुक्यात घाट म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची वाट. चैत्रात यात्रा भरली की गाड्याला चार बैल जुंपायचे. पुढं घोडी पळायची, गाड्यावर माणूस नसायचा, बारी सेकंदांत मोजायची. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. घाटात बाभळी माजल्या. वैरण परवडेना, तशी आबांनी जुकाटाची जोडी विकली. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी आली, पण चाबूक-काठी वर्ज्य. गावानं घाट साफ केला. रात्री जेवताना मी विचारलं, "आबा, परत जोडी घ्यायची?" आबा म्हणाले, "पराणी आपणच टोचली व्हती, पोरा. बंदी उगाच न्हाई आली." १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतीचा कायदा कायम ठेवला. पुढच्या बाजारातून आबांनी एक खोंड आणला. पराणी माळ्यावरच राहिली.