स्कीचें बंधन : धरणें आणि सोडणें

उत्तरेकडील कांहीं देशांत वर्षांतील चार-पांच महिने सारी भूमि बर्फाखालीं झांकलेली असते. अशा भुसभुशीत बर्फांत माणूस चालूं लागला तर गुडघ्यापर्यंत रुततो. या अडचणींतूनच स्कीचा जन्म झाला. स्की म्हणजे पुढच्या टोंकाशीं वर वळलेली, जवळजवळ माणसाच्या उंचीची निरुंद फळी. अशा दोन फळ्या दोन पायांना बांधल्या म्हणजे न रुततां बर्फावरून घसरत जातां येतें. फळी तयार करण्याचें काम सुताराला लवकर साधलें. पण ती पायाला बांधावी कशी, हा प्रश्न मात्र फार बिकट ठरला. बंधन सैल असेल तर स्की पायांतून निसटते. तें घट्ट असेल तर पडतांना पाय मोडतो. या दोन संकटांमधून वाट काढण्याचा प्रयत्न हाच स्कीच्या बंधनाचा इतिहास होय. आज कृत्रिम उंचवट्यांच्या 'पार्क'मध्यें आणि शहरांतील जिन्यांच्या कठड्यांवर स्की खेळणाऱ्या तरुणांना टिकाऊ बंधन हवें असतें. तें कसें निवडावें, याचें उत्तरहि या इतिहासांतच सांपडतें.

नॉर्वेमधील दिगरवार्डेन या डोंगरावरील वितळत्या बर्फांतून २०१४ सालीं एक स्की आणि २०२१ सालीं तिची जोडीदार मिळाली. ही जोडी सुमारें १३०० वर्षांपूर्वींची आहे. पिळलेल्या बर्चच्या फांद्यांची दोरी, चामड्याचा पट्टा आणि लांकडी खुंटी यांनीं तिचें बंधन केलेलें होतें. जुन्या काळच्या बहुतेक बंधनांत पावलाचा पुढचा भागच काय तो धरलेला असे. खडावा घालून चालणाऱ्याचा अंगठा खुंटीला धरून असतो आणि टांच मोकळी राहते, तसाच कांहींसा तो प्रकार. सपाट बर्फावर चालावयास एवढें पुरत असे. उडी मारावयाची म्हटली कीं फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे!

या उडीनेंच बंधनाला नवें रूप दिलें. नॉर्वेच्या तेलेमार्क प्रांतांतील मोर्गेदाल या खेड्यांत साँद्रे नॉरहाइम (१८२५-१८९७) नांवाचा एक गरीब कूळ राहत असे. वाळुंजासारख्या झाडांच्या ओल्या फांद्या पिळून त्यानें त्यांची कडी केली आणि ती टांचेमागून नेऊन पाऊल स्कीशीं जोडलें. कडी लवचिक असल्यामुळें टांच उचलतां येई, पण स्की पायांतून गळून पडत नसे. घरांच्या छपरांवरूनहि तो उड्या टाकीत असे, असें त्याच्या गांवकडचे लोक सांगतात. १८६८ सालीं राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथें झालेल्या स्पर्धेंत ४२ वर्षांच्या या खेडुतानें तरुणांना मागें टाकलें. १८८४ सालीं तो अमेरिकेस गेला व तेथेंच वारला.

फांदी कुजते आणि तुटते. म्हणून पुढें लोखंड आलें. १८९४ सालीं नॉर्वेच्याच फ्रित्झ हुइटफेल्ट यानें स्कीला आडवें आरपार भोंक पाडून त्यांतून लोखंडी पट्टी घातली आणि तिचीं दोन टोंकें बुटाच्या दोन्ही बाजूंस कानांसारखीं उभीं केलीं. आल्प्स पर्वताचे उतार मात्र फार उभे; तेथें टांच मोकळी ठेवून भागेना. १९३०च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या गिदो रोज यानें पोलादी दोराचें बंधन काढलें. हा दोर टांचेमागून जाई आणि बाजूच्या आंकड्यांखालून ताणला म्हणजे टांच स्कीला घट्ट दाबून धरी. या बंधनाचें नांव 'कंदाहार'. स्वित्झर्लंडांतील माँताना येथें १९११ सालीं सुरू झालेल्या स्कीच्या शर्यतीचा चषक लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार याच्या नांवाचा होता. त्या शर्यतीवरून तें नांव बंधनास मिळालें. रॉबर्ट्स जन्मानें कानपूरचा. १८८० सालीं मैवंद येथें इंग्रजी फौजेचा पराभव होऊन ती कंदाहारांत अडकली. तींत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. काबूलहून कूच करून रॉबर्ट्सनें तिला सोडविलें. अफगाण रणांगणाचें नांव आल्प्समधील बुटाच्या दोराला चिकटलें तें असें.

'कंदाहार'नें खेळाडूला वेग दिला, पण त्याचा पाय जखडून टाकला. पडतांना स्की मुरडे, तिच्याबरोबर पाय पिळला जाई आणि नळीचें हाड मोडे. असल्या बंधनांना खेळाडूच 'अस्वलाचा सांपळा' म्हणूं लागले. घोड्यावरून पडलेल्या स्वाराचा पाय रिकिबींत अडकला म्हणजे जी गत होते, तीच ही गत. स्वार मांड ठोकून बसला असेल तोंवर रिकिबीनें पाय धरावा, आणि तो पडतांक्षणीं सोडावा. स्कीच्या बंधनाकडूनहि हेंच हवें होतें. नॉर्वेंत जन्मलेला आणि अमेरिकेंतील पोर्टलंड येथें स्थायिक झालेला नामांकित स्कीपटु यालमार व्हाम याचा पाय १९३७ सालीं मोडला. रुग्णालयांत पडल्या पडल्या त्यानें आपोआप सुटणाऱ्या बंधनाची आकृति काढली आणि १९३९ सालीं तिचें पेटंट मिळविलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें काम युरोपांत वाढीस लागलें. फ्रान्समधील ज्याँ बेल यानें 'लुक' या नांवानें, तर जर्मनींतील हानेस मार्कर यानें स्वतःच्या आडनांवानें, स्प्रिंगच्या जोरावर धरणारीं व सुटणारीं बंधनें १९५०च्या आसपास बाजारांत आणलीं. पुढें सुटण्याचा जोर आंकड्यानें दाखविण्याची पद्धत रूढ झाली. जर्मन मानकावरून त्या आंकड्याला आजहि 'डिन' म्हणतात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळण्याची तऱ्हा यांवरून तो ठरतो. अमेरिकेच्या व्हरमाँट संस्थानांत १९७२ पासून चाललेल्या दुखापतींच्या अभ्यासांत नळीचें हाड मोडण्याचें प्रमाण पुष्कळच घटलेलें दिसलें. गुडघ्याच्या आंतील बंधांच्या दुखापती मात्र या बंधनांना टाळतां आल्या नाहींत. त्या कांहीं काळ वाढल्याच.

यानंतर खेळानें पुन्हां उडीकडे तोंड वळविलें. १९९८ सालीं सालोमाँ कंपनीनें 'टेन-एटी' ही दोन्ही टोंकांशीं वळलेली स्की आणली. तिच्यावरून उलट्या दिशेनेंहि घसरतां येऊं लागलें. पार्कमधील 'स्लोपस्टाइल' हा प्रकार २०१४ सालीं सोची येथील हिंवाळी ऑलिंपिकांत आला. दुसरीकडे फिनलंड, क्वेबेक इत्यादि ठिकाणच्या शहरांत तरुण मंडळी जिन्यांच्या लोखंडी कठड्यांवर उडी घेऊन त्यांवरून घसरत खालीं येऊं लागली. नॉरहाइमचें छप्पर जणूं शहरांत आलें. फरक इतकाच, कीं येथें बर्फ बेताचा आणि त्याखालीं काँक्रीट. एकच उडी साधेपर्यंत ती पुन्हां पुन्हां मारावयाची, तेव्हां बंधन कठड्यावर आपटतें, स्क्रू हलतात आणि ब्रेकचे दांडे वांकतात.

अशा खेळासाठीं बंधन निवडतांना आरंभ आंकड्यापासून करावा. ज्याचा आंकडा ७ येतो त्यानें ४ ते १२ किंवा १४ पर्यंत फिरविण्याजोगें बंधन घ्यावें, म्हणजे स्प्रिंग अगदीं टोंकाला जात नाहीं. ८ ते १८ आंकड्यांचें बंधन कितीहि भक्कम असलें तरी त्याच्या कामाचें नाहीं. तें ७ वर आणतांच येत नाहीं. त्यानंतर लवचिकपणा पाहावा. चांगल्या बंधनांत धक्का बसतांच बूट थोडा सरकतो आणि स्प्रिंग त्याला जागेवर परत आणते. हें सरकण्याचें अंतर जितकें अधिक, तितकें भलत्या वेळीं स्की सुटण्याचें भय कमी. 'लुक'च्या 'पिव्हट' या बंधनाचा टांचेकडील भाग नळीच्या हाडाच्या खालीं येणाऱ्या आंसाभोंवतीं फिरतो आणि बुटाला सरकावयास पुष्कळ वाव देतो. पार्कमधील खेळाडूंची त्याला पसंती आहे ती यामुळें. धक्के सोसणारे भाग ॲल्युमिनियमचे वा पोलादाचे असावेत. स्क्रू पसरट मांडलेले असले तर ते स्कीच्या गाभ्यांतून सहज उपटत नाहींत. ब्रेकचे दांडे स्कीच्या कडेबाहेर फार येऊं नयेत, नाहींतर ते कठड्याला अडकतात. आणि बुटाचा तळवाहि पाहावा. काँक्रीटच्या पायऱ्या चढून तो झिजला कीं बंधनावर लावलेला आंकडा खोटा ठरतो.

कठड्यावर स्की सुटूं नये म्हणून कित्येक तरुण आंकडा वाटेल तसा चढवितात. त्यांची भीति खोटी नाहीं. काँक्रीटवर अर्ध्या वाटेंत एक स्की सुटली तर जिवावर बेतूं शकतें. पण आंकडा चढविल्यानें तें भय जाऊन त्याच्या जागीं 'अस्वलाचा सांपळा' परत येतो. कठड्यावरचे धक्के पचविण्याचें काम लवचिकपणाचें व धातूचें आहे. सुटण्याचा आंकडा शरीराच्या मापानेंच ठरला पाहिजे, आणि दर हंगामाच्या आरंभीं तो जाणत्या कारागिराकडून यंत्रावर तपासून घेतला पाहिजे. मोडलेलें बंधन दुकानांत बदलून मिळतें. गुडघ्याची गोष्ट तशी नाहीं.