डोक्याच्या मारानंतरची मिरगी

मेंदूला मार बसून आठवडा उलटल्यावर झटके सुरू झाले आणि ते आपोआप येत राहिले, तर त्या विकाराला अभिघातोत्तर अपस्मार म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात अशा माराची कारणे ओळखीची आहेत: हेल्मेटविना घसरलेली मोटारसायकल, झाडावरून पडणे, पहाटे वाकून मोहफुले वेचणाऱ्यावर झेपावणारा वाघ. टाके सुकतात, माणूस रोवणीला लागतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, बांधीत उभ्याउभ्या कोसळतो. मधल्या शांत काळामुळे जुना मार कुणाच्या ध्यानीही येत नाही. पण बाहेरची जखम भरली तरी आतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपत राहू शकतात, आणि मिरगीचे एक मूळ तिथेच आहे.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की रक्तातली प्रथिने सहसा पलीकडे जात नाहीत. हा रक्त-मेंदू अडसर. माराने हे सांधे उसवले की अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत उतरते आणि तिथल्या तारकापेशी ते शोषतात. मग चेतापेशींभोवतीचे जादा पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलून नेण्याचे त्यांचे काम मंदावते. एका पेशीची ठिणगी सहज शेजारच्या पेशींना लागते. सांडलेल्या रक्तातले लोहही मेंदूला चिथावते.

गळती ही माराच्या जोराची नुसती खूण असेल किंवा झटक्यांचाच परिणाम असेल, असा आक्षेप घेता येतो. झटक्यांनीही अडसर सैल होतो, हे खरेच. पण प्रयोगात उंदरांच्या मेंदूवर मार न देता नुसते अल्ब्युमिन सोडले, तरी अपस्मारासारख्या विद्युतलहरी उमटल्या. अल्ब्युमिनने जागी होणारी संदेशसाखळी रोखणाऱ्या लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळीने उंदरांतली मिरगी घटल्याचे २०१४ मध्ये दिसले. माणसांत तो उपयोग सिद्ध झालेला नाही. मग मार बसलेल्या प्रत्येकाला मिरगी का होत नाही? १९९८ च्या अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांतला धोका किरकोळ मारानंतर ०.७ टक्के, तर गंभीर मारानंतर १० टक्के निघाला. गळती किती पसरली आणि किती काळ टिकली, यात माणसागणिक फरक पडणार, हे त्याचे निदान एक पटणारे उत्तर. मूळ गळतीत असू शकते, हे झटके दाबणाऱ्या फेनिटॉइनचा अनुभवही सुचवतो. १९९० च्या चाचणीत या औषधाने पहिल्या आठवड्यातले झटके कमी केले, पुढची मिरगी मात्र टळली नाही. ते ठिणगी दाबते, उसवलेली भिंत शिवत नाही. झटक्याचे मूळ असे जुन्या मारात असू शकते, म्हणून पहिल्या झटक्याला कांदा हुंगवत बसू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे आणि दवाखान्यात जुन्या माराचा कागद, कितीही वर्षांपूर्वीचा असला तरी, सोबत न्यावा.