घरातील हवेचे नियंत्रण आणि मानवी आवाज : एक ऐतिहासिक मागोवा

अमेरिकेतील पुष्कळशा घरांत हवा गरम किंवा थंड करणारे यंत्र तळघरात अथवा माळ्यावर असते. तेथून पत्र्याच्या नळ्यांमधून, म्हणजेच डक्टमधून, ती हवा खोल्याखोल्यांत जाते आणि जमिनीतील, भिंतीतील वा छतातील जाळीदार झरोक्यातून बाहेर पडते. या झरोक्यामागे हाताने फिरविता येणाऱ्या पात्यांची एक झडप असते. २०१० नंतरच्या दशकात या झडपेला लहानशी मोटर, बॅटरी व बिनतारी संदेशवहन जोडले गेले आणि लवकरच केवळ तोंडाने सांगून ती उघडण्या-मिटण्याची सोय झाली. ही घटना सामान्यतः तंत्रज्ञानाच्या ताज्या घडामोडींत जमा केली जाते. वस्तुतः तिच्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हवेसंबंधीची आज्ञा कोणी द्यावी, ती कोणी ऐकावी आणि तिची अंमलबजावणी करणाऱ्याने कोठे असावे, हे या इतिहासातील मूळ प्रश्न होत. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा मागोवा घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मध्यमवर्गीय घरातील हवा हा आरोग्याइतकाच नीतीचाही विषय बनला होता. कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टोव्ह या भगिनींनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द अमेरिकन वुमन्स होम' या ग्रंथात वायुवीजनाची विस्तृत चर्चा आहे. उघड्या शेकोट्यांची जागा बंदिस्त शेगड्यांनी घेतल्यामुळे घरातील हवा कोंडते व श्वासाने दूषित होते, अशी त्या काळची धारणा होती. शुद्ध हवेची जबाबदारी गृहिणीची, हे या ग्रंथाने गृहीत धरले आहे. पुढे तळघरातील कोळशाच्या भट्टीतून गरम हवा आपोआप वर चढून खोल्यांत येण्याची व्यवस्था रूढ झाली. त्या हवेच्या वाटेवर नक्षीदार ओतीव लोखंडाची जाळी बसविलेली असे. तिची पाती सरकविली की त्या खोलीपुरता हवेचा ओघ कमी-अधिक होई. मात्र भट्टीत कोळसा टाकणे, राख काढणे आणि भट्टीची झडप वरखाली करणे यांसाठी कोणालातरी दिवसातून अनेकदा तळघरात उतरावे लागे.

या व्यवस्थेत पहिला महत्त्वाचा बदल एका अध्यापकाने घडवून आणला, ही गोष्ट महाविद्यालयीन वाचकांना विशेष वाटावी. वॉरन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात शिकवीत असत. तेथील प्रथा अशी होती की, शिपायाने वर्गावर्गांत जाऊन तापमान पाहावे आणि मग तळघरात उतरून त्या त्या वर्गाकडे जाणाऱ्या हवेची झडप लावावी अथवा सोडावी. त्यामुळे तास चालू असताना वारंवार व्यत्यय येई. यावर जॉन्सन यांनी योजलेला उपाय साधा होता. वर्गातील तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले की विजेचे मंडल पूर्ण होई आणि तळघरात घंटा वाजे. या 'इलेक्ट्रिक टेलि-थर्मोस्कोप'चे पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळाले. दोन वर्षांनी मिलवॉकी येथे त्यांची कंपनी स्थापन झाली. तीच पुढे जॉन्सन कंट्रोल्स म्हणून ओळखली गेली.

जॉन्सन यांच्या या पहिल्या उपकरणाने झडप हलविली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. झडप शिपायाच्याच हाती राहिली. केवळ त्याला मिळणारा आदेश बदलला. पूर्वी तो वर्गात येई, तापमान स्वतः पाही आणि त्यावरून निर्णय घेई. आता निर्णय वर्गातील उपकरण घेई आणि शिपायाने घंटा ऐकून हालचाल करावयाची असे. शिक्षकांचा व्यत्यय टळला. शिपायाचा वर्गाशी असलेला संबंधही तुटला. या घंटेचे स्वागत त्याने कसे केले असेल, याची केवळ कल्पनाच करावी लागते. १८९५ मध्ये जॉन्सन यांनी दाबयुक्त हवेच्या साहाय्याने प्रत्येक खोलीची झडप आपोआप हलविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले आणि या कामातून शिपाई पूर्णतः बाजूला झाला. 'प्रत्येक खोलीला तिच्या गरजेपुरती हवा' ही आजच्या जाहिरातींमधील कल्पना मूलतः तेव्हाची आहे. ती मोठ्या सार्वजनिक इमारतींत रुजली. सामान्य घरास परवडणारी नव्हती.

घरासाठीचा मार्ग वेगळा होता. मिनिॲपोलिस येथील आल्बर्ट बुट्झ यांनी १८८५च्या सुमारास खोली थंड झाल्यावर भट्टीची झडप आपोआप उचलणारे यंत्र तयार केले. त्यातून निघालेला व्यवसाय अनेक स्थित्यंतरांनंतर १९२७ मध्ये हनीवेल यांच्या कंपनीशी एकरूप झाला. पुढे विजेचे पंखे हवा ढकलू लागले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच नळ्यांमधून उन्हाळ्यात थंड हवाही येऊ लागली. हेन्री ड्रेफस यांच्या रचनेतील हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट १९५३ मध्ये बाजारात आला आणि असंख्य घरांच्या भिंतींवर विराजमान झाला. संपूर्ण घरासाठी एकच थर्मोस्टॅट, तोही बहुधा मधल्या वाटेवर! परिणामी दिवाणखाना सुखावह असताना वरच्या मजल्यावरील खोली तापलेली आणि टोकाची खोली गारठलेली, अशी स्थिती सर्रास आढळू लागली. त्या एका तबकडीवर कोणाचा हात चालावा, हा कौटुंबिक कलहाचा विषय झाला. १९७३च्या तेलसंकटात तो राष्ट्रीय विषयही बनला. अध्यक्ष निक्सन यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तापमान सहा अंश फॅरनहाइटने उतरविण्याचे आवाहन केले. २ फेब्रुवारी १९७७ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून दिवसा ६५ व रात्री ५५ अंश तापमान ठेवण्याची विनंती केली. घरातील तबकडीला उद्देशून बाहेरचा आवाज बोलला, असा हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. अर्थात तबकडी काही ऐकणारी नव्हती. ऐकावयाचे होते ते नागरिकांनी.

हवेला तोंडी हुकूम सोडण्याची प्रथा मात्र अमेरिकेतील या यंत्रांहून जुनी आहे आणि तिचे ठळक उदाहरण भारतात सापडते. ब्रिटिश अमदानीत बंगल्यांच्या, कचेऱ्यांच्या व न्यायालयांच्या छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढला जाई. ती दोरी पुष्कळदा भिंतीतील छिद्रातून व्हरांड्यात नेलेली असे आणि तिच्या टोकाशी पंखेवाला बसलेला असे. कित्येकदा तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून रात्रभर पंखा हलवी. पंखा थांबला की आतून हाक येई. आज्ञा देणारा आत आणि राबणारा भिंतीपलीकडे, ही या रचनेची खूण होती. हवा यावी, पण ती आणणारा दिसू नये. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ मधील 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीतील न्यायालयाच्या प्रसंगात पंखेवाला डोळ्यांसमोर बसलेला आहे. तरी चाललेल्या खटल्याशी त्याचा काही संबंध नाही, अशा अलिप्ततेने तो दोरी ओढत राहतो. विजेच्या पंख्यांचा प्रसार झाल्यावर विसाव्या शतकात हा व्यवसाय लयास गेला.

यंत्राने मानवी आवाज ओळखावा, यासाठीचे प्रयत्न अगदी वेगळ्या कारणांनी सुरू झाले. बेल प्रयोगशाळेतील 'ऑड्री' हे यंत्र १९५२ मध्ये केवळ अंक ओळखे. आयबीएमने १९६२च्या सिॲटल जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या 'शूबॉक्स'ला सोळा शब्द कळत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अनुदानातून १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सिद्ध झालेल्या 'हार्पी'ची शब्दसंख्या १०११ होती. तेथील संशोधनाचे नेतृत्व करणारे राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातील. १९९४च्या ट्युरिंग पुरस्काराचे ते सहमानकरी होत. घरगुती वापरापर्यंत पोहोचण्यास त्यानंतरही जवळपास चार दशके लागली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'एको' हे उपकरण व त्यातील 'अलेक्सा' ही ध्वनिसाहाय्यक सादर केली. याच सुमारास कीन होम, फ्लेअर यांसारख्या नव्या कंपन्यांनी मोटरयुक्त झरोके बाजारात आणले. हे दोन्ही प्रवाह लवकरच एकत्र आले.

या संगमानंतर एका साध्या आज्ञेचा प्रवास कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. पलंगावर पडल्या पडल्या कोणी झरोका अर्धा उघडण्यास सांगतो. हाकेचे नाव उपकरण स्वतः ओळखते. त्यापुढील वाक्याचे ध्वनिमुद्रण सामान्यतः दूरच्या संगणककेंद्राकडे जाते. तेथे ध्वनीचे शब्दांत आणि शब्दांचे आज्ञेत रूपांतर होते. ती आज्ञा झरोका बनविणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जाते, तेथून घरातील जोडयंत्राकडे परत येते आणि अखेरीस बिनतारी लहरींनी मोटरपर्यंत पोहोचते. हातभर अंतरावरील पाते हलविण्यासाठी शब्दाने शेकडो मैलांचा फेरा घेतलेला असतो.

इतके होऊनही हवा आज्ञाधारक नसते. पंख्याने ढकललेल्या हवेचा एक झरोका मिटला की नळ्यांमधील दाब वाढतो. ती हवा इतर खोल्यांत तर जातेच, शिवाय नळ्यांच्या सांध्यांमधूनही निसटते. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील इयन वॉकर यांनी २००३ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास केला. वापरात नसलेल्या खोल्यांचे झरोके मिटल्यास ऊर्जेची बचत होईल, हा समज सामान्यतः खरा ठरत नाही; वाढलेल्या गळतीमुळे एकूण वापर उलट वाढू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणूनच काही मोटरयुक्त झरोक्यांत दाब मोजण्याची सोय ठेवण्यात आली आणि दाब फार वाढल्यास झरोका मालकाच्या आज्ञेविरुद्ध उघडू लागला. नळ्यांमधील हवा सामाईक असते. एका खोलीचे सुख दुसऱ्या खोलीच्या हिशेबातून वजा होते, ही गोष्ट आज्ञा देण्याच्या सुलभतेमुळे नजरेआड होते. ऊर्जाबचतीचा दावा या झरोक्यांच्या विक्रीत पुढे केला गेला असला, तरी त्यांचे खरे आकर्षण उठावे न लागण्यात होते, असे मानावे लागते.

आज्ञा कोणाची ऐकली जाते, हा प्रश्न याहून गंभीर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अलिसन कोनेके व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम व मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या वाचा-आकलन प्रणाली तपासल्या. गौरवर्णीय भाषकांच्या बाबतीत शब्दचुकांचे सरासरी प्रमाण ०.१९, तर कृष्णवर्णीय भाषकांच्या बाबतीत ०.३५ आढळले. भिंतीवरच्या तबकडीला हात कोणाचा आहे हे कळत नव्हते. आवाजावर चालणाऱ्या यंत्राला मात्र उच्चार कळतात आणि त्यांत भेदही होतो. मराठीपुरते पाहावयाचे तर गूगलच्या ध्वनिसाहाय्यकास २०१८ मध्ये मराठी येऊ लागली. तथापि महाराष्ट्रातील घरांत डक्टची पद्धत रूढ नसल्याने तेथे या आज्ञेचा विषय झरोका नसून पंखा किंवा भिंतीवरील वातानुकूलक हाच असतो.

घराच्या आतील सत्तासंबंधही यातून सुटले नाहीत. जून २०१८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रियांच्या मदतकेंद्रांकडे येणाऱ्या नव्या प्रकारच्या तक्रारींविषयी वृत्त दिले. एका स्त्रीने लावलेला वातानुकूलक तिने हात न लावता बंद होत असे. अशा प्रकरणांत उपकरणे बसविणारा व त्यांचे परवलीचे शब्द जाणणारा बहुधा पुरुष असे. घर सोडून गेल्यावरही त्याच्या हाती नियंत्रण राहू शकत असे. बीचर भगिनींनी हवेची जबाबदारी स्त्रीवर टाकली होती. येथे जबाबदारी न राहता तिच्या वाट्याला केवळ परिणाम आले.

भिंतीपलीकडचा माणूसही पुरता नाहीसा झालेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने उघड केले की, अलेक्साकडे आलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी काही माणसे ऐकतात, ती लिहून काढतात आणि त्यांवर टिपणे करतात. हे काम करणारे बॉस्टन, कोस्टा रिका, रुमानिया आणि भारत येथे होते. नऊ तासांच्या पाळीत एकेक जण हजारापर्यंत ध्वनिखंड हाताळी. व्हरांड्यातील पंखेवाल्याला साहेबाची हाक ऐकू येई, पण तिचा मजकूर त्याच्यासाठीच असे. येथे हाक यंत्राला दिलेली असते आणि ती ऐकणारा कोणी तिसराच असतो. ज्याचा आवाज आहे त्याला त्याची वार्ताही नसते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने ग्राहकांना माणसांकडून होणारी अशी तपासणी नाकारण्याची सोय दिली. मुलांची ध्वनिमुद्रणे राखून ठेवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी अडीच कोटी डॉलरची तडजोड केली. काही उपकरणांवर ध्वनिमुद्रण घराबाहेर न पाठविण्याचा पर्याय उपलब्ध होता. तो २८ मार्च २०२५ पासून काढून घेण्यात आला.