शेजवान, सिचुआन आणि तिरफळ

चिनी उपाहारगृहाविषयी मत देताना आपल्याकडे ‘झणझणीत होते’ किंवा ‘सपक होते’ एवढ्यावर निकाल लागतो. पानात आलेले अन्न चीनच्या कोणत्या प्रांताचे, हे क्वचितच विचारले जाते.

मेन्यूकार्डावरील ‘शेजवान’ म्हणजे नैर्ऋत्य चीनमधील सिचुआन प्रांत. तेथील पाककलेची खूण निव्वळ तिखटपणा नव्हे, तर ‘माला’ ही जोडचव होय: ‘मा’ म्हणजे जिभेला बधिर करणारी झिणझिणी आणि ‘ला’ म्हणजे मिरचीचा जाळ. (मिरची तेथेही आपल्यासारखीच अमेरिका खंडातून आलेली पाहुणी.) ही झिणझिणी हुआजिआओ नावाच्या बारीक फळाच्या सालीतून येते. हुआजिआओ आणि आपले तिरफळ ही एकाच प्रजातीतील भावंडे. बांगड्याच्या हुमणात तिरफळे टाकणाऱ्या गोमंतकीयाला ही चव परकी वाटू नये. आपल्याकडील लालभडक शेजवान चटणीत मिरची, लसूण, व्हिनेगर असते, हुआजिआओ बहुधा नसते. ती भारतात घडलेली चव आहे आणि त्या नात्याने चांगलीच आहे. परंतु अस्सल सिचुआनी म्हणवणाऱ्या ठिकाणी मापो टोफू खाऊनही जीभ बधिरली नाही, तर तक्रार रास्त ठरते.

उलट, दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांताच्या पद्धतीने आले व कांद्याची पात घालून वाफवलेल्या अख्ख्या माशाला मिळमिळीत म्हणणे अन्यायाचे. तेथे पाहावा तो मासळीचा ताजेपणा आणि वाफेचा अंदाज. वाफ कमी पडली की मांस काट्याला चिकटून राहते; जास्त झाली की कोरडे पडते.